हिरड्याच्या पाण्यातली चादर

आमच्या दुकानातून पहिल्यांदाच रंग नेणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हमखास तक्रार घेऊन यायचं. लाल म्हणून दिलेल्या पुडीत लाल काहीच नाही, नुसती मळकट पिवळी पूड आहे, असं त्याचं म्हणणं असायचं. मग मी त्याला दुकानामागच्या अंगणात घेऊन जायची. तिथे एनॅमलची दोन पातेली कायम भरलेली असत. पहिल्यात कॉस्टिक सोड्यात विरघळवलेलं नॅप्थॉल, म्हणजे तीच पिवळी पूड. त्यातून पांढरा रुमाल काढला तर तो जरासा पिवळट दिसे, एवढंच. दुसऱ्या पातेल्यात रंगाचं सॉल्ट. तोच रुमाल त्या पाण्याला टेकला रे टेकला, की बघता बघता रक्तासारखा लाल व्हायचा. पुरुष हसायचे, बायका मात्र हात मागे घ्यायच्या. मी सांगायची, घाबरू नका, रंग कापडात आधीच होता, आपण फक्त त्याला बाहेर बोलावलं.

नाशकात दहीपुलाजवळ आमचं दुकान होतं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे लुगडी आणि पागोटी रंगवणाऱ्यांचा माल मिळायचा. पुढे बाटिकची लाट आली. शिवणक्लासमधल्या मुली, शिक्षिका, बँकेत नोकरी करणाऱ्या बायका, सगळ्यांना बाटिकची साडी नाहीतर निदान उशीचा अभ्रा तरी स्वतः करायचा होता. माझे यजमान वसंतराव माल आणायला मुंबईला जात. गल्ला आणि अंगण माझ्याकडे. कॉस्टिकनं हाताची कातडी सोलली जायची, रंगात घालायच्या हायड्रोज पावडरच्या वासानं जेवण जायचं नाही, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर नखांत कोणता ना कोणता रंग असायचाच. तरी मला ते काम आवडत होतं.

बाटिक म्हणजे सोप्या शब्दांत असं: कापडावर गरम मेणानं चित्र काढायचं. मेण लागलं तिथे रंग शिरत नाही. रंगात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा मेण लावायचं, पुन्हा दुसऱ्या रंगात. शेवटी कापड इतकं मेणकट होतं की त्यावर काय आहे ते करणाऱ्यालाही नीट दिसत नाही. ते उकळत्या साबणाच्या पाण्यात घातलं की मेण वितळून वर येतं आणि खाली चित्र उघडं पडतं. एवढं मोठं भांडं घरोघरी नसतं, म्हणून मेण काढून द्यायचं काम मी अंगणात करायची. त्यामुळे नाशकातलं बरंचसं बाटिक पहिल्यांदा मी पाहिलं, करणाऱ्याच्याही आधी.

गावामुळे आमच्याकडे गिऱ्हाइकंही निराळी यायची. रामकुंडावर दहावा करून एक गृहस्थ थेट दुकानात आले होते, ओल्या धोतरानं. वडलांची पांढरी धोतरं त्यांनी बरोबर आणली होती. ती रंगवून हवी होती. कुठल्याही रंगात द्या म्हणाले, फक्त आईला ओळखू येता कामा नयेत. मी ती गर्द हिरवी करून दिली. पण आज सांगायची आहे ती पार्वतीबाईंची गोष्ट.

पार्वतीबाई त्र्यंबकच्या बाजूच्या. अंजनेरीच्या पायथ्याकडचं गाव, नाव लिहीत नाही. पस्तिशीच्या पुढच्या, उंच, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा. दोन-तीन महिन्यांनी एसटीनं यायच्या. मेण, रंग, कॉस्टिक न्यायच्या आणि मेणानं भरलेली कापडं माझ्याकडे उकळायला ठेवून जायच्या. तयार झालेली कापडं त्र्यंबकेश्वरला देवळाजवळच्या एका दुकानात जात.

त्यांचं पहिलं कापड मी उकळायला टाकलं तो दिवस मला आठवतो. मेण सुटलं, काठीनं कापड उचललं, तर त्यावर पावलं होती. घोट्यापर्यंतचे पाय आणि लुगड्याचा काठ. खाली फरशीची रेघ, मागे दाराचा खालचा भाग. वर काही नाही. रेघ इतकी सफाईदार की मेणाचा थेंबसुद्धा चुकून पडलेला नव्हता. पुढच्या खेपेला पुन्हा पावलंच. पुरुषाची, वहाणा घातलेली. नंतर एका कापडावर उंबऱ्यात उभी असलेली लहान मुलाची पावलं. दरवेळी वेगळे पाय आणि दरवेळी पाहणारा जमिनीवर बसून पाहतोय असं वाटायचं. यात्रेकरू ती देवीची पावलं समजून घेऊन जात. घरात लावत असतील, पूजाही करत असतील.

उकळताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मेणाबरोबर लांब केस वर यायचे. काळेभोर, हातभर लांब. पार्वतीबाईंच्या केसांत पांढरे बरेच होते आणि त्यांचा अंबाडा मुठीएवढा होता. शिवाय मेणाचं काम करणाऱ्या बाईची बोटं मला ओळखू येतात. त्यांवर लहान लहान भाजल्याच्या खुणा असतात. पार्वतीबाईंच्या हातांवर रंगाचे डाग होते, भाजल्याचा एकही नव्हता. एकदा क्लासच्या मुली दुकानात होत्या. मी सहज पार्वतीबाईंच्या हातात मेणाचा कुंचला दिला, यांना एक पाऊल काढून दाखवा म्हटलं. त्यांनी तो कुंचला विस्तव असल्यासारखा खाली ठेवला. मला रंगवायचं तेवढं येतं, म्हणाल्या.

मग काढतं कोण, असं मी विचारलं. घरातलं माणूस आहे, एवढंच त्या बोलल्या. त्यानंतर बरेच महिने त्या दुकानात उभ्याउभ्याच माल घ्यायच्या, बसायच्या नाहीत.

एका उन्हाळ्यात त्या दोन जुन्या चादरी घेऊन आल्या. धुऊन पांढऱ्या केलेल्या, नीट घडी घातलेल्या. नवं कापड आणायला जमलं नाही, यावरच काम करायचं आहे, म्हणाल्या. मी कोणता रंग देऊ विचारलं, तर हिरड्याच्या पाण्यातून काढून द्या, खाली पिवळसर आलं पाहिजे, असं सांगितलं. मला नवल वाटलं. हिरडा तेव्हा जवळजवळ कुणी वापरत नव्हतं. एक-दोन जुने रंगारी न्यायचे म्हणून मी पोतं ठेवलं होतं. हिरड्याच्या पाण्यानं कापडाला सायीसारखा पिवळट रंग येतो. पण एक पथ्य असतं. लोखंडाचा त्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. लोखंड लागलं की हिरडा काळा पडतो. जुन्या काळी काळा रंग करायचेच तसा, हिरडा आणि गंजल्या लोखंडाचं पाणी एकत्र आणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पितळी घंगाळात हिरड्याचं पाणी केलं. वसंतराव मुंबईला गेलेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिली चादर बुडवली, पिळली आणि अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकली. छान एकसारखी पिवळट दिसत होती. दुकानात कुणीतरी आलं म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा चादरीच्या खालच्या टोकाला काहीतरी उमटत होतं.

आधी वाटलं सावली आहे. हात फिरवला, सावली नव्हती. करडे ठिपके होते, आणि मी पाहत असताना ते गडद होत होते. एकेका ठिपक्याची लांबट कडी झाली. एका कडीत दुसरी, दुसरीत तिसरी. ती ओळ चादरीच्या कडेपासून आत आली होती, वळली होती, पुन्हा सरळ झाली होती. तशाच आणखी ओळी बाजूला फिकट उमटत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मोठं, जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतं.

घंगाळालाच काहीतरी लागलं असेल म्हणून मी ते चिंचेनं घासलं, पाणी नवीन केलं, दुसरी चादर बुडवली. या वेळी दोरीसमोर पाट टाकून बसले. ऊन डोक्यावर होतं. दुसऱ्या चादरीवरही खालच्या बाजूलाच खुणा उमटल्या. वर, पाठ आणि डोकं टेकतं तिथे, कापड स्वच्छ होतं. कुणीतरी या चादरींवर झोपत होतं. कूस बदलत होतं. प्रत्येक वेळी पायाशी असलेली साखळी सरकत होती आणि थोडा गंज कापडाला देत होती. धुतल्यावर तो गंज डोळ्यांना दिसत नव्हता. पण कापडातून गेला नव्हता.

मी चप्पल काढून त्या वर्तुळाजवळ माझं पाऊल धरलं. घोटा त्यात बरोबर बसला.

ठरल्या दिवशी पार्वतीबाई आल्या. वसंतराव परतले होते, त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, लोकांच्या घरातल्या गोष्टीत आपण पडू नये, आणि असं म्हणून बराच वेळ चादरींकडे पाहत उभे राहिले होते. मी चादरी दोरीवरून काढल्या नव्हत्या. पार्वतीबाईंना अंगणात नेलं. त्यांनी त्या पाहिल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. मग विचारलं, “हे निघंल का, ताई?”

“निघेल. माझ्याकडे त्याचं औषध आहे. पण मी काढणार नाही.”

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना हेच ऐकायचं होतं.

“मग चला,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या गाडीनं चला. उद्या माझी हिंमत राहायची नाय.”

 वसंतराव गल्ल्यावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, शेवटच्या गाडीनं तरी परत ये.

एसटीत पार्वतीबाईंनी सगळं सांगितलं, खिडकीबाहेर पाहत, हळू आवाजात. त्यांच्या धाकट्या दिराची बायको सुमन. नाशकातली, मॅट्रिक झालेली, लग्नाआधी शिवणक्लासात बाटिक शिकलेली. बाळंतपणानंतर काही दिवसांतच तिची झोप गेली. मग ती म्हणायला लागली की ही मुलगी माझी नाही, माझी कुणीतरी नेली आणि ही ठेवली. तिला शोधायला म्हणून घराबाहेर पडायची. एकदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणली. दुसऱ्यांदा ती पाण्यात होती. डोंगरातला भगत झाला, अंगारे झाले, वैद्य झाला. शेवटी पार्वतीबाईंच्या नवऱ्यानं, रामभाऊंनी, गोठ्यातली साखळी आणली. दीर सिन्नरच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीला यायचा, खोलीच्या दारात उभा राहायचा आणि निघून जायचा. बाळ पार्वतीबाईंनी वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मुलगी आता अंगणभर पळत होती आणि त्यांना आई म्हणत होती.

एकदा दिवे गेले होते म्हणून खोलीत मेणबत्ती ठेवली. सकाळी पाहतात तर सुमननं फरशीवर मेणाचे थेंब पाडून नक्षी काढली होती आणि शांत बसली होती. तेव्हापासून पार्वतीबाई तिला मेण पुरवू लागल्या. हातात कुंचला असेल तोवर ती साखळी ओढत नसे. बोलत मात्र कुणाशीच नसे.

मी विचारलं, चादरी हिरड्यातच का बुडवायला सांगितल्या?

“पोरी असताना आम्ही हिरडं येचायला जायचो,” त्या म्हणाल्या. “फोडताना विळा काळा व्हायचा. बोटं काळी व्हायची.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“तोंडानं सांगता आलं असतं, तर इतकी वर्षं थांबले असते का?”

घर चांगलं होतं. अंगण सारवलेलं, तुळस, शेजारी गोठा. आणि विहीर दारातच, दहा पावलांवरसुद्धा नसेल. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. पार्वतीबाईंनी ती काढली आणि मेणाचा वास बाहेर आला.

आत नीटनेटकं होतं. सिमेंटची फरशी पुसलेली. उजेड वरच्या झरोक्यातून येत होता. जमिनीवर एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिचे केस मोकळे होते, फरशीला टेकलेले. बाजूला लहान शेगडीवर मेणाची वाटी. घोट्याला चिंधी गुंडाळून त्यावर साखळी, साखळीचं दुसरं टोक लाकडी खांबाला. भिंतींना लावलेल्या कापडांवरून सगळीकडून पाय आमच्याकडे तोंड करून उभे होते. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. तिनं त्याहून वर कधी पाहिलंच नव्हतं.

मी पुढे झाले. तिनं मान वर केली नाही. तिच्यासमोर मेणानं भरलेलं कापड होतं. त्यावर उंबरा ओलांडून आत आलेल्या एका बाईचे पाय होते. डाव्या पावलावर मेणाचा एक पांढरा थेंब होता. माझ्या डाव्या पावलावर, नेमका तिथेच, कॉस्टिक सांडून पडलेला पांढरा डाग आहे. मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते आणि ते मेण केव्हाच गार होऊन घट्ट झालेलं होतं. पार्वतीबाईंनी माझी नजर पाहिली. म्हणाल्या, थेंब पडतो कधीमधी. मी हो म्हटलं. तिच्या हातून पडलेला थेंब मी तोवर एकाही कापडावर पाहिला नव्हता. याचा उलगडा मला आजही झालेला नाही आणि मी तो कुणाला विचारायलाही गेले नाही.

मी तिच्यापाशी फरशीवर बसले. नाव घेऊन हाक मारली. बऱ्याच वेळानं कुंचला थांबला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली, प्रखर दिवा डोळ्यांवर आल्यासारखी.

रामभाऊ शेतातून आले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी मला विहीर दाखवली. मी नाशकात अशा आजारांचे डॉक्टर आहेत, बाळंतपणातून असं होतं आणि औषधानं बरंही होतं, असं जमेल तसं सांगत होते. खरं तर मलाही त्यातलं फारसं कळत नव्हतं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “साखळी मी हौसेनं घातली नाय, बाई. ही त्या पाण्यात होती तवा मी उडी टाकली. मला पोहता येत नाय. उद्या मोकळी सोडली आन् परत गेली तर, तुम्ही नाशकाहून येणार का काढायला?”

 उत्तर पार्वतीबाईंनी दिलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मी झोपंन तिच्याजवळ.”

रामभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती बरी झाली तर पोरगी तिच्याकडे जाईल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.  

पुढच्याच आठवड्यात जीप करून सुमनला नाशकात आणलं. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी चादरी पाहायला मागितल्या नाहीत. घोटा मात्र पाहिला आणि कंपाउंडरला मलमपट्टी करायला सांगितलं. गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा आणायला सांगितलं. साखळी निघाली. पार्वतीबाई रोज तिच्याजवळ झोपायच्या. दोघींच्या पदरांची गाठ मारायच्या, म्हणजे ती उठली तर आपल्याला जाग यावी. सुरुवातीला त्यांना झोपच लागत नसे. अंधारात सुमन बसून राहायची आणि दाराकडे बघायची. दार उघडंच असायचं. ती उंबऱ्याकडे जायची, खांबापासून साखळी जिथवर पोचायची तिथे थांबायची आणि परत यायची. साखळी खुंटीला टांगलेली होती.

महिने गेले. कधी बरं, कधी पुन्हा वाईट. एकदा तिनं गोळ्या थुंकून टाकल्या आणि सगळं पहिल्यासारखं झालं. रामभाऊंनी खुंटीवरची साखळी हातात घेतली, बराच वेळ धरून बसले आणि परत टांगली. हे पार्वतीबाईंनीच मला सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात सुमन स्वयंपाक करायला लागली. मग एक दिवस तिनं मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या कपाळावरची जखमेची जुनी खूण पाहून विचारलं, हे कधी लागलं? मुलगी पार्वतीबाईंच्या मागे लपली.

त्यानंतरच्या दिवाळीत सुमन दुकानात आली, नवऱ्याबरोबर. केसांची वेणी, कपाळावर कुंकू, अंगावर निळी साडी. चालताना डावं पाऊल जरा आखूड पडत होतं. मी चहा केला. मग न राहवून, माझ्याकडे राहिलेलं एक कापड तिच्यापुढे उलगडलं. पुरुषाच्या वहाणा आणि दाराची चौकट. तिनं ते दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं.

“कुणी केलंय?” तिनं विचारलं.

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. त्याच्या पायांत त्याच वहाणा होत्या.

“एका बाईंनी,” मी म्हणाले.

“हात चांगला आहे. पण नुसते पायच का काढले?” ती कापडावरून बोट फिरवत म्हणाली. “यांना माणसांचे चेहरे येत नसतील.”

मी कापड घडी करून आत ठेवलं. मेण हवं का, असं विचारलं, तर तिला नको होतं. मेणाच्या वासानं डोकं दुखतं म्हणाली.

सुमन सिन्नरला नवऱ्याच्या खोलीवर राहायला गेली आणि शाळेचं वय झालं तेव्हा मुलगीही गेली. नेताना मुलगी ओरडत होती, पार्वतीबाईंचा पदर सोडत नव्हती. पार्वतीबाईंनी स्वतः तिची बोटं एकेक करून सोडवली, मागच्या खोलीत गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. गाडी गेल्यावरही त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

काही महिन्यांनी त्या दुकानात आल्या. माल नको होता. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, मी रोज त्या खोलीत जाऊन बसते. खांबापाशी. तिथं बरं वाटतं. घरात पोरीचा आवाज येतो मला. मला बी साखळी लावतील का?”

त्यांना घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले, त्याच बाकावर बसले. डॉक्टरांनी त्यांच्याशी खूप वेळ बोलून घेतलं. मला आत बोलावून म्हणाले, हा आजार नाही, यांना एकटं ठेवू नका. सुमनला निरोप पाठवला. ती पुढच्याच रविवारी मुलीला घेऊन आली आणि मग सुट्टी लागली की मुलगी पार्वतीबाईंकडेच असायची. तिनं दोघींनाही आई म्हणायचं ठरवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

पण शाळा सुरू असताना काय करायचं? मी पार्वतीबाईंना अंगणातल्या कामाला घेतलं. सकाळच्या गाडीनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. रामभाऊंनी हरकत घेतली नाही. रंग मिसळण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी क्लासच्या मुलींनाही सांगायची. मेण मात्र त्यांनी कधी हातात घेतलं नाही.

हळूहळू बाटिकची लाट ओसरली. छापील साड्या आल्या, बायकांना वेळ राहिला नाही. वसंतराव वारल्यावर दुकान चालवणं मला झेपेना. दुकान विकलं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघींनी घंगाळं रिकामी केली, अंगण धुतलं, मागच्या खोलीतली पोती उचलली. नवा मालक बाहेर उभा होता. मी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. पार्वतीबाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी निघाले तशा त्या परत आल्या आणि कुलुपाकडे पाहत म्हणाल्या, “आत कुणी राहिलं नाय ना? पाहिलंत ना नीट?”

आत कुणी असायचं कारणच नव्हतं. आम्ही दोघीच तर होतो.

मी नव्या मालकाकडून किल्ली परत मागून घेतली, शटर वर केलं आणि आत जाऊन अंगण, मोरी, मागची खोली, सगळं एकदा पाहून आले.